सिग्नलवाल्याचे हात

"ठरलं," दादा फोनवर म्हणाला, आणि भोंगाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काय ठरलं, कसलं ठरलं, हे अजून तिला कळलंही नव्हतं. पण या एका शब्दावर तिचा जुना राग होता. त्यांच्या घरात गोष्टी कायम आपोआप ठरायच्या. घर बदलायचं ठरलं. आईला तिच्या आजाराबद्दल शेवटपर्यंत काही सांगायचं नाही असं ठरलं. हिला शिवणाच्या क्लासला घालायचं ठरलं. कुणी ठरवलं म्हणून विचारायला जावं, तर सगळे एकमेकांकडे बघायचे. ठरवणारा माणूस कधी सापडलाच नाही.

"काय ठरलं?" बाबांचा श्वास अडला म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, एवढंच तिला ठाऊक होतं.

"बाबांचं ऑपरेशन. उद्या सकाळी. स्वरयंत्र काढून टाकायचं. गाठ मोठी आहे."

"काढून टाकायचं म्हणजे?"

"म्हणजे काढून टाकायचं. त्यांना बोलता येणार नाही पुन्हा. पण जीव वाचतोय ना? मग झालं तर."

"आणि बाबा काय म्हणाले?"

मग दादा म्हणाला, "ते काय म्हणणार? त्यांच्या गळ्यात नळी आहे."

तिने फोन ठेवला, केबिनला कुलूप लावलं आणि क्रेनचा उभा जिना उतरायला लागली. उतरताना प्रत्येक पायरीवर तिने दादाला एकेक शिवी हासडली आणि पायऱ्या बऱ्याच होत्या.

भोंगाबाई हे तिचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये एक भोंगा असतो. लोड हलवण्याआधी तो वाजवायचा, म्हणजे खालची माणसं बाजूला होतात. ही तो वाजवायचीच, पण तिला तेवढा पुरत नसे. खिडकी सरकवून ती वरून जे काही सुनवायची, ते पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायचं. साइटवर नवा इंजिनियर आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी सांगत. हेल्मेट घालत जा, आणि भोंगाबाईच्या वाटेला जाऊ नका. तरी तिच्या क्रेनखाली उभं राहायला सगळ्यांना आवडायचं. तिच्या हातून लोड कधी हिंदकळला नाही.

हे काम तिला बाबांनी दिलं. म्हणजे दिलं असंही नाही. त्यांनी ते तिला घेऊ दिलं, आणि त्या घरात ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

बाबा सिग्नलवाले होते. क्रेन चालवणारा उंच बसतो, पण आपला लोड कुठे टेकतोय हे त्याला पुष्कळदा दिसतच नाही. मध्ये स्लॅब येतो, भिंत येते, ऊन डोळ्यांवर येतं. म्हणून खाली एक माणूस उभा असतो. त्याला लोडही दिसतो आणि केबिनही दिसते. तो हातांनी सांगतो आणि वरचा माणूस तसं करतो. बोट आकाशाकडे करून मनगट गोल फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं की उतरव. हात आडवा लांब करून, तळवा खाली धरून झाडू मारल्यासारखा इकडून तिकडे नेला की थांब. पुढे खिशात मावणारे वायरलेस आले, पण बाबांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "बॅटरी संपते," ते म्हणायचे, "हात संपत नाहीत."

कामावर हातांनी बोलणारा हा माणूस घरी आला की तोंडाचा पट्टा सुरू करायचा तो थांबायचाच नाही. कंत्राटदाराची नक्कल, इंजिनियरची नक्कल, बससाठी भांडणाऱ्या बायकांची नक्कल. बाबांची बहीण, म्हणजे आत्या, सांगायची, "हा जन्मला तेव्हा रडला नाही, सुइणीशी गप्पाच मारायला लागला." आई गेली त्यानंतर घर सुतकी झालं, तेव्हाही ते या आवाजानेच पुन्हा हललं. भोंगाबाई दूरच्या शहरात कामाला असली की रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी ते भरपूर सांगायचे.

तर शिवणाचा क्लास. ती तिथे रडतखडत जात होती. एकदा बाबांचा डबा द्यायला साइटवर गेली, मान वर करून क्रेनकडे बघत राहिली आणि तिथल्या तिथे म्हणाली, मला तिकडे वर बसायचंय. घरी गहजब झाला. आत्या म्हणाली, लोक काय म्हणतील. दादा पोट धरून हसला. आत्या मग त्याच्याबरोबर हसायला लागली, कारण सर्वांत शेवटी जो बोलेल त्याची री ओढायची ही आत्याची जन्मभराची पद्धत. बाबा एवढे बडबडे, पण हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मुकादमाला विचारून तिला बंद क्रेनच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि स्वतः खाली उतरून गेले. वर वाऱ्याने केबिन झुलते. ती दोनदा ओकली. डोळे मिटून बसली, मग उघडून बसली. उन्हं कलल्यावर ती खाली आली तेव्हा बाबा विटांच्या ढिगावर बसले होते.

"आता सांग. वर कुणाला बसायचंय? मला की तुला?"

"मला."

"मग तूच ठरव. मी ठरवलं, तर वारा सुटेल त्या दिवशी तू मला शिव्या घालशील."

तिने ठरवलं. त्या घरात एखाद्या निर्णयाचा मालक सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यांच्याकडून एकदा मात्र तिने भयंकर बोलणी खाल्ली होती. तेव्हा ती नवीन होती. साइटवर मोठा कंत्राटदार पाहुणे घेऊन आला आणि त्याला सगळ्यांसमोर कामाचा रुबाब दाखवायची हुक्की आली. हवेत सळयांचा जुडगा लटकत होता. हा गृहस्थ पुढे झाला आणि उतरव, उतरव, असे हात करायला लागला. बाजूला बाबा हात आडवा करून उभे होते. थांब. तिला दोघेही दिसत होते. एक तिचा बाप, दुसरा बापाचाही मालक. तिने उतरवलं. जुडगा फुलासारखा अलगद टेकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी तिला खाली बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं की टाळ्या वाजवणारे पाहुणेही चोरासारखे मागे सरकले.

"पण झालं ना नीट!" ती रडत म्हणाली.

"नीट झालं म्हणून तर मला भीती वाटते! आपटलं असतं तर शिकली असतीस. आता तुझ्या डोक्यात बसणार की असंच करायचं असतं." बाबांनी वर केबिनकडे बोट केलं. "सांगणारा एकच. ज्याला लोड दिसतो, तो. मालक असो नाहीतर मालकाचा बाप असो. पण थांब मात्र कुणीही म्हणू दे, झाडूवाली म्हणू दे, आधी थांबायचं. मग विचारायचं, का म्हणून."

त्या दिवसापासून तिने हे असं पाळलं की साइटवर लोक तिला वेडी म्हणायचे. एकदा कुणीतरी अंगावरची गांधीलमाशी हाकलत होता, त्याला बघूनही तिने क्रेन थांबवली होती. थांबवली, खिडकी उघडली, कारण विचारलं आणि मग त्याचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमधून उतरली ती थेट हॉस्पिटलमध्ये. ऑपरेशन दुपारवर ढकललं होतं, आधीची एक केस लांबली म्हणून. नाहीतर ती पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि दादाला तेच बरं वाटलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

वॉर्डात शिरताच तिला आधी बाबा दिसले नाहीत, त्यांचे हात दिसले. पांढऱ्या बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली होती. मनगटांवर लाल वळ उठले होते. गळ्यात नळी, डोळे मिटलेले. झोपेचं औषध दिलं होतं.

"हे कुणी बांधलंय?"

"ताई, हळू बोला," सिस्टर म्हणाली. "पहिल्या दिवशी त्यांनी नळी ओढली होती. रक्त आलं. मग बांधावंच लागलं. काल सोडले होते हात. पण सारखे हवेत फिरवत होते, सलाइनचा स्टँड पाडला. तुमचे भाऊ म्हणाले, पुन्हा बांधा, ते भ्रमात आहेत."

"हवेत कसे फिरवत होते?"

सिस्टरने ट्रे खाली ठेवला आणि आठवून करून दाखवलं. हात आडवा लांब, तळवा खाली, इकडून तिकडे.

भोंगाबाईला वाटलं, आपल्या डोक्यात काहीतरी फुटलं. ज्या माणसाने अख्खा जन्म हातांनी बोलून संसार केला, त्याचे हात बांधले. का, तर तो ते हलवत होता म्हणून! आणि बांधायला सांगणारा त्याचा सख्खा मुलगा, जो बापाच्या कामावर एकदाही फिरकला नव्हता. तिने पट्ट्या सोडल्या. गाठी सुटेनात तेव्हा दातांनी सोडल्या. सिस्टर आधी अडवायला आली, मग स्वतःच नळी सांभाळत पलंगाशी उभी राहिली. बाबा जागे झाले नाहीत. जागे होईपर्यंत बसून राहावं एवढा धीर भोंगाबाईला कुठला? ती तशीच तरातरा बाहेर गेली.

बाहेरच्या बाकावर दादा आणि आत्या बसले होते. दादाची दाढी वाढली होती, शर्ट चुरगळला होता.

"बाबा नको म्हणतायत!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या बाकावरचं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. "काल दिवसभर ते थांब, थांब म्हणत होते आणि तू त्यांचे हात बांधायला लावलेस! कसायाला तरी माया असते रे!"

"कोण थांब म्हणत होतं? त्यांना शुद्ध होती का?"

"शुद्ध तुला नाही! त्यांना व्यवस्थित होती. तू विचारलंस का त्यांना एकदा तरी?"

"विचारलं होतं," दादा उसळून म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, करून टाकू ना ऑपरेशन? त्यांनी डोळे मिटले."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो नाही तर काय?"

"अरे, हात बांधलेला माणूस आणखी काय करणार? आणि विचारायची ही काय रीत झाली? करून टाकू ना! म्हणजे उत्तर तूच त्यांच्या तोंडात कोंबायचं आणि वर गिळलं म्हणायचं!"

"अरे, बरोबर बोलतेय ती," आत्या म्हणाली.

"आत्या, तुम्ही काल म्हणालात की माझं बरोबर आहे!"

"तुझंही बरोबरच होतं रे," आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली. तिच्यावर चिडून काही उपयोग नव्हता, तरी दोघंही चिडले.

"तू बोल, तुझं काय जातं?" दादा आता उभा राहिला. "तू तिकडे आभाळात बसायचं आणि संध्याकाळी फोन घ्यायचा. त्यांचा श्वास कोंडला तेव्हा त्यांना उचलून आणलं ते मी. या बाकावर झोपतोय मी. कुणीतरी ठरवायला नको?"

"ठरवलं नाहीस तू! उरकलंस! तुला इथून सुटायचंय म्हणून उरकलंस!"

दादाचा चेहरा पडला. तिला ते दिसलं आणि बरंही वाटलं. रागाचं हे एक फार वाईट असतं, समोरच्याला लागलं की बरं वाटतं.

एवढ्यात डॉक्टरबाई आल्या. गलका त्यांनी लांबूनच ऐकला असणार.

"नको कोण म्हणतंय?"

"माझे बाबा."

"मला तर सांगण्यात आलं की त्यांना सगळं समजलंय आणि ते तयार आहेत," डॉक्टरबाई दादाकडे बघत म्हणाल्या. मग त्या भोंगाबाईकडे वळल्या. "तुम्हाला त्यांनी कसं सांगितलं?"

"हातांनी. मला कळतात त्यांचे हात. मी क्रेन चालवते, ते माझे सिग्नलवाले होते."

त्या हसल्या नाहीत. "मग फार चांगलं झालं. चला. जागे झाले असतील तर तुमच्यामार्फत विचारू. काल मीच स्वतः विचारायला हवं होतं."

बाबा जागे होते. सुटलेलं एक मनगट दुसऱ्या हाताने चोळत होते. भोंगाबाई दिसताच त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज आला नाही. त्यांनाही क्षणभर विसर पडला असावा.

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बाबांच्या तोंडासमोर बसल्या. बाकी कुणाशी नाही, फक्त त्यांच्याशी बोलल्या. "बाबा, गाठ स्वरयंत्रावर आहे. रस्ते दोन आहेत. एक, स्वरयंत्र काढायचं. गाठ पूर्ण जाईल अशी चांगली आशा आहे, पण तुमचा आवाज जाईल. घशातून निघतो तो आवाज कायमचा जाईल. दुसरा, किरणांचे उपचार घ्यायचे. आवाज कदाचित राहील, पण गाठ परत येण्याची भीती जास्त. मला विचाराल तर मी ऑपरेशन सांगेन. पण गळा तुमचा आहे. आज नको वाटत असेल तर आज नाही करणार. दोन दिवस विचार करायचा असेल तरी चालेल."

बाबा ऐकत होते. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं. मग त्यांनी हात पलंगावरून वर नेला, तर्जनी आढ्याकडे केली आणि मनगट गोल फिरवलं.

भोंगाबाई बघतच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आवाज जाईल. तुमचा आवाज. पुन्हा कधीच..."

बोट पुन्हा वर गेलं. या वेळी मनगट चटचट फिरलं, जरा चिडून. ती केबिनमध्ये घुटमळायची तेव्हा फिरायचं अगदी तसं.

"काय म्हणतायत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. दादाला कळलं नव्हतं, आत्याला कळणं शक्य नव्हतं. बाबांच्या हातांची भाषा कळणारं त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि ते माणूस मुकाट उभं होतं. 'थांब म्हणतायत' एवढे दोन शब्द पुरे होते. कुणी हटकलं नसतं. बाबांनी मान हलवून नाही म्हटलंच असतं, तरी काहीतरी सांगून पटवता आलं असतं, बाबा बिचकलेत, दोन दिवस थांबू या. दोन दिवसांचे चार करता आले असते. संध्याकाळचा फोन राहिला असता. तो आवाज हवा होता तिला, काहीही करून हवा होता. आणि बाबांवर तिला असा काही राग आला होता की बस्स. एवढा बोलका माणूस, आणि आवाज देऊन टाकताना एकदा हात कापू नये त्यांचा?

बाबांनी हात खाली घेतला नव्हता. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. लोड कधी हलतोय याची वाट बघत खाली उभे असायचे, तसेच.

"उचल म्हणतायत," ती म्हणाली. भोंगाबाईचा आवाज चिरकलेला त्या वॉर्डाने तरी पहिल्यांदाच ऐकला. "करा म्हणतायत."

"बघ!" दादाच्या तोंडून सुटलं. "मी तेच तर म्हणत होतो!"

झालं. जे काही आत दाबून धरलं होतं ते सगळं दादाच्या अंगावर गेलं.

"तेच म्हणत होतास? खूश झालास? अरे, अंधारात दगड मारलास आणि लागला, त्याचं कौतुक सांगतोस? त्यांनी नाही म्हटलं असतं तर? तर आत्तापर्यंत गळा कापून झाला असता त्यांचा, आणि उरलेला जन्म ते आपल्याकडे नुसते बघत बसले असते! उत्तर जुळलं म्हणून तू बरोबर ठरत नाहीस! आईच्या वेळेला तेच केलंत. काही सांगायचं नाही असं ठरलं! ती बिचारी भिंतीकडे तोंड करून..."

"मला भीती वाटत होती!" दादा ओरडला. "ते नाही म्हणाले असते तर? तर काय करणार होतो मी? बसून बघणार होतो? म्हणून नाही विचारलं! ऐकायचंच नव्हतं मला!"

कठड्यावर थाडकन काहीतरी आपटलं.

बाबांनी हात मारला होता. सलाइनचा स्टँड हलला. त्यांनी हात आडवा लांब केला, तळवा खाली, आणि इकडून तिकडे नेला. थांब.

भोंगाबाई शब्दाच्या मध्यावर थांबली. इतक्या वर्षांची सवय, ती कुठे जाणार? ती थांबली म्हणून दादाही थांबला.

बाबांनी दादाकडे बोट केलं. मग तोच तळवा स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला.

"काय म्हणतायत?" दादाने हळूच विचारलं.

"मला विचार म्हणतायत." आणि हे बोलताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल ते थांब म्हणत होते, ते खरंच होतं. पण थांब म्हणजे नको, असं कुठल्या साइटवर असतं? आधी थांबायचं, मग विचारायचं, का म्हणून. गांधीलमाशी हाकलणाऱ्या माणसाला तिने विचारलं होतं. बापाला विचारलं नव्हतं. हात सोडले आणि ते जागे व्हायची वाटही न बघता, त्यांचं उत्तर स्वतःच ठरवून, ते घेऊन ती बाहेर भांडायला गेली होती.

जणू तिच्या मनातलं वाचल्यासारखं ते बोट दादावरून निघालं आणि तिच्यावर येऊन थांबलं. मग पुन्हा तळवा छातीवर, दोनदा. तिने मान खाली घातली. तिची मान खाली गेलेली दादाने आयुष्यात बघितली नव्हती.

दादा पलंगाजवळ गेला. वाकला. बाबांच्या मनगटावरचा लाल वळ त्याला आत्ता जवळून दिसला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "बाबा," तो म्हणाला, "ऑपरेशन करायचं का? की नाही करायचं? तुम्ही म्हणाल ते." घरातल्या कुणी कुणाला इतकं साधं काही विचारल्याचं आत्यालाही आठवत नव्हतं. आता कुणाच्या बाजूने बोलावं हे तिला कळेना.

बाबांचं बोट वर गेलं आणि गोल फिरलं.

दुपारी स्ट्रेचर आलं. चाकं कुरकुरत वॉर्डाबाहेर निघाली. भोंगाबाई एका बाजूने, दादा दुसऱ्या बाजूने. तिचा राग गेलेला नव्हता. तो दादावर होता, गाठीवर होता, बाबांवर होता आणि सर्वांत जास्त स्वतःवर होता. शेवटच्या फोनवर बाबा घसा खरवडत काहीतरी सांगत होते, बहुतेक शेजारच्या कुत्र्याबद्दल, आणि ती "बरं, बरं" करत भांडी घासत होती. तो आवाज आता कुठून आणायचा? उद्या संध्याकाळी फोन वाजणार नव्हता.

लिफ्टपाशी थांबावं लागलं. बाबा आडवे पडून वर, तिच्याकडे बघत होते, आणि तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, जी इतकी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती. वर केबिनमध्ये बाबांचा आवाज तिला कधी ऐकूच आला नव्हता. एकदाही नाही. तिथे नुसता वारा. तरी त्यांनी सांगितलेलं सगळं तिला कळलं होतं, वाऱ्यात, उन्हात, ती घाबरलेली असताना, आणि तिने त्यातलं काही चुकवलं नव्हतं, तो टाळ्यांचा दिवस सोडला तर.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी वॉर्डबॉय म्हणाला, नातेवाइकांनी इथेच थांबायचं. स्ट्रेचर आत गेलं. दार बंद व्हायच्या आधी पांढऱ्या चादरीतून एक हात वर आला, बोट छताकडे झालं, मनगट फिरलं.

दार बंद झालं. दादा दाराकडे बघत उभा होता. मग त्याने आपलं बोट वर केलं आणि चोरट्यासारखं, अवघडून, हवेत फिरवलं.

"असंच ना?"

"मनगट सैल सोड," भोंगाबाई त्याच्यावर खेकसली. "आणि हात वर घे. वरच्याला दिसला पाहिजे."